क्राउझेंच्या घरी भरदुपारी ओढलेले पडदे

"तो खोका माझ्या घरात पुढच्या दाराने आला, तर मी मागच्या दाराने बाहेर पडेन!"

ओटिली क्राउझे यांनी मे महिन्याच्या सभेत हे जाहीर केले, तेव्हा चर्चच्या तळघरात बसलेल्या साऱ्या बायकांनी एका तालात माना डोलावल्या. लिंडहाइमच्या महिला मंडळात अध्यक्ष ओटिलीबाईंचे बोलणे संपले की माना डोलावण्याची पद्धतच होती. युद्धाच्या काळात साखर मोजून मिळत असताना या बाईंनी साऱ्या गावाला बिनसाखरेचा केक गोड मानून खायला लावला होता. आघाडीवरच्या पोरांसाठी इतके मोजे विणून घेतले होते की विस्कॉन्सिन राज्यातल्या मेंढ्या त्यांचे नाव काढताच थरथरत असाव्यात. पुढे युद्ध संपले, पोरे परत आली आणि त्यांच्याबरोबर सगळे जगच बदलून आले. सुना डब्यातले सूप गरम करून त्याला स्वयंपाक म्हणू लागल्या. पोरे दोन गल्ल्या ओलांडायलाही मोटार काढू लागली. ओटिलीबाईंनी या प्रत्येक गोष्टीची वेळच्या वेळी हजेरी घेतली होती. आता गाठ टेलिव्हिजनशी होती.

ठराव एकमताने मंजूर झाला. मंडळाच्या कोणाही सभासदाने घरात टेलिव्हिजन ठेवू नये आणि पदाधिकाऱ्याने ठेवल्यास त्याने पद सोडावे, असा तो ठराव. अनुमोदन दिले शेजारच्या हुल्डा झास्त्रो यांनी, आणि तेही असे ठणठणीत की तळघराच्या खिडक्या वाजल्या.

घरी येऊन ओटिलीबाईंनी हे सारे नवऱ्याला सांगितले. आल्बिन क्राउझे यांनी चाळीस वर्षे चीज केले होते. दुधाचे दही होताना ते जसे शांतपणे पाहत, तसेच ते बायकोचे बोलणेही ऐकत. "बरं केलंस, टिली," एवढेच ते म्हणाले. टिली म्हणण्याची मुभा जगात त्यांना एकट्यालाच होती.

सप्टेंबरात आल्बिनच्या हृदयाने दगा दिला. थोडक्यात निभावले, पण डॉक्टर बेंके यांनी जिना बंद केला, मीठ बंद केले, चिरूट बंद केला, आणि दिवाणखान्यातच त्यांची खाट मांडायला लावली. आल्बिननी कशाबद्दलही तक्रार केली नाही. मात्र ऑक्टोबर उजाडला आणि बेसबॉलचे अंतिम सामने सुरू झाले. तरुणपणी आल्बिन गावाच्या संघात कॅचर होते. चेंडू झेलून झेलून त्यांच्या उजव्या हाताची बोटे जुन्या झाडाच्या मुळांसारखी वाकडी झाली होती. रेडिओवर पहिला सामना ऐकताना हा शांत मनुष्य खाटेवर उठून बसला, दुसऱ्या सामन्यात उभा राहिला आणि तिसऱ्यात त्याने उशी खिडकीबाहेर फेकली.

डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. रेडिओ ताबडतोब बंद झाला पाहिजे, असे त्यांनी सांगितले. मनुष्य नुसते ऐकतो तेव्हा न दिसणारे सारे त्याला मनाने रंगवावे लागते आणि तो सगळा भार हृदयावर पडतो, असे त्यांचे शास्त्र होते. तेच जर डोळ्यांनी दिसले तर हृदय निवांत राहते. हे सांगताना डॉक्टर ओटिलीबाईंकडे न बघता आपल्या बॅगेच्या कडीशी खेळत होते. त्यांच्या पत्नीनेही मे महिन्यात मान डोलावली होती, आणि गेले तीन सामने डॉक्टरांनीही मोटारीतल्या रेडिओवरच ऐकले होते, ही गोष्ट त्यांच्या वैद्यकीय मताच्या आड येण्याचे कारण नव्हते.

डॉक्टर गेल्यावर आल्बिननी चादरीची कड सारखी करत म्हटले, "नसू दे, टिली. तू शब्द दिला आहेस. एकदा डोळ्यांनी बघावं असं वाटलं होतं, इतकंच."

एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाने आपल्या तोंडाने काहीही मागितले नव्हते. आताही त्याने मागितले नव्हतेच, आणि नेमके तेच ओटिलीबाईंच्या जिव्हारी लागले. रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी त्यांनी मिलवॉकीला ट्रॅक्टरच्या कारखान्यात कामाला असलेल्या मुलाला, नॉर्बर्टला, फोन केला आणि सैन्यातल्या सार्जंटनेही कधी दिला नसेल असा हुकूम दिला. टेलिव्हिजन आणायचा, पण फक्त सामने संपेपर्यंत. अँटेना छपरावर नाही, माळ्यावर लावायची. खोका पुढच्या दाराने नाही, मागच्या दाराने आणायचा. तो आत आला की घराचे सगळे पडदे ओढायचे, म्हणजे चित्र स्वच्छ दिसेल आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना काही दिसणार नाही. योजना इतकी चोख होती की लढाईच्या काळात ती सेनापतींच्या हाती पडती, तर युद्ध दोन वर्षे आधी आटोपले असते.

त्या योजनेत एकच भोक राहिले, आणि ते लिंडहाइमकराच्या नजरेतून सुटावे हे नवलच म्हणायचे. गावात फर्निचरचे दुकान एकच होते, विल्मर टॉयबर्ट यांचे. पुढच्या दालनात खाटा आणि कपाटे, मागच्या दालनात शवपेट्या. लाकूड तेच आणि सुतारही तोच, म्हणून आसपासच्या सगळ्याच गावांत हे दोन्ही धंदे एकाच घरात चालत. गेल्या वर्षापासून टॉयबर्ट यांनी खिडकीत टेलिव्हिजनही मांडले होते. या तिन्ही प्रकारच्या मालाला गाडी एकच होती, लांबट, काळी, बंद टपाची. गल्लीत ती आली म्हणून कोणी दचकत नसे. कपाट आणायचे तर ती पुढच्या दाराशी लागे. मागच्या दाराशी ती एकाच कामासाठी लागे, आणि त्या कामात ती काही आणत नसे, नेत असे.

बुधवारी दुपारी शेजारच्या अंगणात हुल्डाबाई दोरीवर गालिचा टाकून तो झोडपत होत्या. आधी त्यांना डॉक्टरांची मोटार दिसली. डॉक्टर तिच्यातून उतरले आणि पायऱ्यांवरून अक्षरशः धावत आत गेले. सामना सुरू होण्याआधी खोका लागतो की नाही या काळजीने ते धावले होते, पण पळणारा डॉक्टर बाहेरच्या माणसाला एकाच प्रकारचा दिसतो. हुल्डाबाईंचा हात थांबला. थोड्या वेळाने टॉयबर्ट यांची गाडी आली, पुढच्या दाराला वळसा घालून मागे गेली आणि थांबली.

टेलिव्हिजन घोंगडीत गुंडाळून आत गेला तो गाडीच्या आडोशाने, म्हणून हुल्डाबाईंना दिसला नाही. पुढचे सगळे मात्र त्यांना लख्ख दिसले. झाले असे की दिवाणखान्यात खोका ठेवायला जागाच नव्हती. तिथे ओटिलीबाईंच्या सासूबाईंचा घोड्याच्या केसांनी भरलेला लांबलचक कोच होता. तो टॉयबर्ट यांच्या दुकानात ठेवून यावा असे ठरले. पन्नास वर्षांची धूळ आपल्या पुसलेल्या जमिनीवर सांडू नये म्हणून ओटिलीबाईंनी त्याच्यावर स्वच्छ पांढरी चादर घातली आणि कडा नीट खोचल्या. नॉर्बर्टने डोक्याच्या बाजूने धरले, टॉयबर्ट यांच्या माणसाने पायाच्या बाजूने. कोच जुना होता, म्हणून दोघे अगदी सावकाश पावले टाकत बाहेर आले. धूळ तरीही उडालीच. दारात उभ्या असलेल्या ओटिलीबाईंनी रुमालाने डोळे टिपले, आणि सासूबाईंची आठवण होऊन चादरीवरून एकदा हात फिरवला. नॉर्बर्टने गाडीचे दार लावले, टोपी काढली आणि कपाळावरचा घाम पुसत क्षणभर मान खाली घालून उभा राहिला.

मग घराचे पडदे एकेक करून खाली आले. आधी दिवाणखान्याचे, मग जेवणघराचे, मग रस्त्याच्या बाजूचे सगळे. लिंडहाइममध्ये भरदुपारी पडदे ओढलेले घर दिसले की पुढे काही विचारायची रीत नव्हती.

हुल्डाबाईंनी गालिचा तसाच दोरीवर सोडला आणि टेलिफोन गाठला. त्या गल्लीत आठ घरांना मिळून एकच टेलिफोनची तार होती. एकीने रिसीव्हर उचलला की सात घरांना ऐकू जाई, आणि ऐकणे हा सगळ्यांचा हक्क समजला जाई. त्यामुळे चर्चचे पास्टर लुबेक यांना बातमी कळली त्याच क्षणी, क्राउझेंचे सोडून, सहा घरांनी डोळ्यांना रुमाल लावला आणि मयताच्या घरी न्यायला डुकराच्या मांसाचे हॅम भट्टीत घातले.

इकडे दिवाणखान्यात टेलिव्हिजन सुरू झाला होता. आधी त्यात नुसते बर्फ पडले. मग त्या बर्फातून टोप्या घातलेली माणसे उगवली. आल्बिन तीन उशांना टेकून, हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवून पाहत होते. डॉक्टरांनी रोग्याची नाडी हातात धरली होती, पण मोजत मात्र कोणीच नव्हते. अँटेना सरळ करायला नॉर्बर्ट माळ्यावर चढला होता, आणि आगगाडीला उशीर नको म्हणून तो तिथूनच मागच्या जिन्याने मिलवॉकीला परतला.

ओटिलीबाईंनी आपली खुर्ची खोक्याकडे पाठ करून मांडली आणि विणकाम हाती घेतले. खोका घरात आला म्हणजे तो आपण पाहिलाच पाहिजे असे नाही, हे त्यांचे स्वतःशी झालेले बोलणे होते. दुर्दैवाने समोरच चिनी मातीच्या भांड्यांचे काचेचे कपाट होते, आणि त्याच्या काचेत सारा सामना आरशातल्यासारखा दिसत होता. बराच वेळ सुया चालल्या. मग त्या मंदावल्या.

"तो पोरगा भलत्याच बाजूने का पळतोय?" ओटिलीबाईंनी कडक आवाजात विचारले. "त्याला कोणी शिकवलं नाही का?"

आल्बिननी डॉक्टरांकडे पाहिले, डॉक्टरांनी आल्बिनकडे. दोघेही शहाणे होते. काचेत डावे-उजवे उलटे दिसते, हे त्यांनी सांगितले नाही.

तेवढ्यात चर्चची घंटा वाजू लागली. गावात कोणी गेले की त्याच्या वयाइतके ठोके द्यायची चाल होती. सगळ्यांनी कान टवकारले. आल्बिन बोटांवर मोजू लागले. तीस झाले, चाळीस झाले, साठही ओलांडले आणि नेमका त्याच वेळी पडद्यावर कोणीतरी चेंडू आकाशात भिरकावला. त्यानंतर किती ठोके पडले ते कोणालाच कळले नाही.

"साठीच्या पुढचा होता बिचारा," आल्बिन हळहळत म्हणाले. "माझ्याच वयाचा असेल. कोण गं, टिली?"

ओटिलीबाईंना पत्ताच नव्हता, आणि हीच अनर्थाची गोष्ट होती. गावात माणूस मरावा आणि मंडळाच्या अध्यक्षांना ठाऊक नसावे, असे कधी झाले नव्हते. त्यांनी हळूच रिसीव्हर उचलला. तारेवर चारपाच बायका एकदम बोलत होत्या. कोण बटाट्याचे सॅलड आणणार आणि कोण कॉफीचे मोठे भांडे, याची वाटणी चालली होती. ओटिलीबाईंनी आपले नाव सांगताच तार अशी गप्प झाली, जणू कोणी कापलीच.

मग हुल्डाबाईंचा आवाज आला, कधी नव्हता इतका मऊ. "तू कशाला उठलीस, ओटिली? तू बस. सगळं आम्ही करतो आहोत."

घरात आजारी नवरा आहे म्हणून ही सवलत मिळते आहे, असे ओटिलीबाईंना वाटले. आता मेले कोण, हे विचारणे शक्यच नव्हते. अध्यक्षांनी असले प्रश्न विचारायचे नसतात. त्यांनी आभार मानून रिसीव्हर ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन सवलत धुडकावून लावली. कोणाच्याही घरी प्रसंग असला तरी ओटिली क्राउझे यांच्या हातचे कोंबडी घातलेले नूडल्स तिथे सर्वांत आधी पोहोचत, आणि आजही पोहोचणार होते. निळ्या कडेचे चांगले भांडे त्यांनी वरच्या फळीवरून काढले. कोणाच्या तरी विधवेसाठी त्यांनी त्यात नेहमीपेक्षा जास्त लोणी घातले.

भांडे भट्टीतून निघते न निघते तोच बाहेर पावलांचा आवाज झाला. ओटिलीबाईंनी पडद्याच्या फटीतून पाहिले. सारे मंडळ फाटकाशी उभे होते. काळे कपडे, हातात झाकलेली भांडी, सर्वांत पुढे काळ्या झग्यात पास्टर लुबेक. त्या मनातून सुखावल्या. प्रेताच्या घरी जायला निघाल्या आहेत, आणि अध्यक्षांशिवाय पुढे जाववत नाही म्हणून आधी इथे थांबल्या आहेत! त्यांनी आल्बिनना आवाज बंद करायला सांगितले, दिवाणखान्याचे सरकते दार ओढून घेतले, काळा रेशमी झगा चढवला, हॅट घातली, नूडल्सचे भांडे फडक्यात धरले आणि पुढचे दार उघडले.

"चला," त्या म्हणाल्या.

पायऱ्या उतरून, गर्दी कापून त्या फाटकापाशी पोहोचल्या आणि तिथून मागे वळून पाहिले. कोणीही हलले नव्हते. तीसेक जण डोळे विस्फारून उभे होते. त्यांना दिसत होती नुकतीच विधवा झालेली बाई, स्वतःच्या दुःखाचे नूडल्स स्वतःच करून ते कुठेतरी पोहोचवायला निघालेली. दोघीतिघींना तिथेच रडू कोसळले.

पास्टरांनी हळूच त्यांचा दंड धरला. "ओटिलीबाई, आपल्याला आत जायचं आहे."

"आत कशाला?" ओटिलीबाईंचा आवाज चिरकला. "आत नको. आत पसारा आहे."

त्यांच्या घरात पसारा! यावरून त्या भानावर नाहीत याची सगळ्यांची खात्रीच पटली. दोघींनी दोन्ही बाजूंनी हात धरले, तिसरीने नूडल्स घेतले, आणि लिंडहाइमच्या इतिहासात पहिल्यांदाच ओटिली क्राउझे यांना त्यांच्या मनाविरुद्ध कुठेतरी नेण्यात आले. तेही त्यांच्याच जेवणघरात. टेबलावर भांडी मांडली गेली. हॅम आले, बिटाचे लोणचे आले, तीन प्रकारची सॅलड्स आली. ओटिलीबाईंचे लक्ष मात्र त्या एका सरकत्या दारावर खिळले होते. त्याच्या फटीतून निळसर उजेडाची एक बारीक रेघ जमिनीवर लुकलुकत होती. त्या उठल्या आणि झगा पसरून त्या रेघेवर उभ्या राहिल्या.

पास्टरांनी घसा साफ केला आणि बोलायला सुरुवात केली. आपल्यातून निघून गेलेला हा बंधू किती नम्र होता, त्याने चाळीस वर्षे गावाला चीज खाऊ घातले पण मोठेपणा कसा मिरवला नाही, हे त्यांनी सांगितले. ओटिलीबाई शोकाकुल चेहऱ्याने मान हलवत होत्या आणि मनात अंदाज बांधत होत्या की हा चीजवाला कोण. मग पास्टरांनी आल्बिनचे नाव घेतले.

ओटिलीबाईंची मान हलायची थांबली.

"आणि इतक्या वर्षांत," पास्टर सांगत होते, "आपल्या आल्बिनचा चढलेला आवाज कोणी कधी ऐकला नाही."

"पळ, गाढवा, पळ! काय मुहूर्त बघतोयस?" दाराआडून आल्बिन गरजले.

हुल्डाबाईंच्या हातून लोणच्याची बरणी सुटली. एक बाई खुर्चीत बसल्या, पण खुर्ची तिथे नव्हती. पास्टरांनी वर छताकडे पाहिले, कारण धंद्याच्या सवयीने त्यांची नजर आधी तिकडेच जाई. सरकते दार जरासे उघडले, त्यातून झोपेच्या पायघोळ सदऱ्यात आल्बिन बाहेर आले, आणि पाठोपाठ आलेल्या डॉक्टरांनी ते आपल्या पाठीमागे घट्ट लावून घेतले.

"थांबलात का, पास्टर?" आल्बिन म्हणाले. "छान चाललं होतं. घरात हॅमचा वास येतोय, म्हणून बघायला आलो."

पुढचा काही वेळ कोण कोणाच्या गळ्यात पडले आणि कोण रडले याला धरबंध राहिला नाही. हुल्डाबाईंनी शपथेवर सांगितले की पांढऱ्या चादरीखाली नेताना त्यांनी स्वतः पाहिले. तो कोच होता, हे ओटिलीबाईंनी सांगितले. कोच कशाला काढला, असे कोणीतरी विचारले. खोली मोकळी हवी म्हणून, असे डॉक्टर चटकन म्हणाले. पडदे रोग्याच्या डोळ्यांसाठी ओढले, आणि दाराआडचे ते ओरडणे रेडिओमुळे. डॉक्टर मोठे हुशार. एका दमात त्यांनी सगळी भोके बुजवली. सगळ्यांना पटले. ओटिलीबाई सुटल्या होत्या. आता कॉफी पाजायची आणि सगळ्यांना आनंदाने घरी लावायचे, इतकेच उरले होते.

पण माणसे आनंदात असली की बोलतात, आणि पास्टर तर पगारच त्याचा घेत. त्यांनी दोन्ही हात पसरून ओटिलीबाईंकडे पाहिले. या बदलत्या वाऱ्यात गावात एक घर तरी दिलेल्या शब्दाला धरून ताठ उभे आहे, आणि देवाने त्या घराचा धनी राखला यात नवल काय, असे ते म्हणाले. बायकांनी नेहमीप्रमाणे माना डोलावल्या. ओटिलीबाईंना आयुष्यात शिव्याशाप पुष्कळ पचले होते. ही स्तुती मात्र गळ्याखाली उतरेना.

त्यांनी आल्बिनकडे पाहिले. दाराआड शेवटचा डाव सुरू होता हे त्या दोघांना आणि डॉक्टरांना ठाऊक होते. आल्बिननी दाराकडे एकदाही वळून पाहिले नाही. वाकड्या बोटांनी त्यांनी एक खुर्ची ओढली आणि गर्दीच्या मधोमध, दाराकडे पाठ करून, बसले.

"मी इथेच बसतो, टिली," ते हळूच म्हणाले. "पुष्कळ बघून झालं माझं."

ओटिलीबाई ताठ झाल्या. हॅट सरळ केली. मग डॉक्टरांना हाताने बाजूला सारून त्यांनी सरकते दार दोन्ही बाजूंनी पार भिंतीपर्यंत उघडले.

"हा टेलिव्हिजन आहे," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं म्हणून आला. पुढच्या गुरुवारच्या सभेत मी पद सोडीन. आल्बिन, ऊठ, आत जाऊन बस. शेवटचा डाव आहे."

आल्बिन उठले, बायकोच्या खांद्याला नुसता हात लावला आणि आत जाऊन खाटेवर बसले. सगळ्यांच्या नजरा पडद्याकडे वळल्या. आणि नेमक्या त्याच क्षणी चित्र बिघडले. सारे खेळाडू पायांकडून वर सरकू लागले आणि डोक्यावरून परत पाय येऊ लागले. डॉक्टर पुढची बटणे पिळत सुटले. आल्बिनचा चेहरा उतरला.

हुल्डाबाई गर्दीतून पुढे झाल्या, डॉक्टरांच्या हातावर चापट मारली, न बघता खोक्यामागे हात घातला आणि एक बारीक कळ अर्धा वेढा फिरवली. चित्र जागच्या जागी थांबले.

सगळ्यांनी हुल्डाबाईंकडे पाहिले.

"माझ्या बहिणीकडे आहे," हुल्डाबाई म्हणाल्या. "शिबॉयगनला."

"तशी नाही राहायची ती कळ," मागून दुसरी म्हणाली. "जरा उलटी फिरव. आमच्या... माझ्याही बहिणीकडे आहे."

आपल्या बायकांना एवढ्या बहिणी आहेत हे पास्टरांना आजवर कळलेच नव्हते. बसले तर संमती दिल्यासारखे होईल म्हणून शेवटचा डाव त्यांनी उभ्याने पाहिला. बाकीचे सगळे जमिनीवर, खुर्च्यांवर, खाटेच्या कडेवर बसले आणि आल्बिनसाठी आणलेले मयताचे हॅम आल्बिनबरोबर खाल्ले. आल्बिनचा संघ हरला. तरी असा दिवस आपल्या आयुष्यात दुसरा आला नाही, असे ते रात्री म्हणाले, आणि ओटिलीबाईंनी त्यांना मुकाट झोपायला सांगितले.

त्यानंतरच्या आठवड्यात लिंडहाइमच्या माळ्यांवरच्या अँटेना एकेक करून छपरांवर चढल्या. ओटिलीबाईंनी तिकडे पाहिले नाही. त्या पद सोडण्याचे भाषण पाठ करत होत्या. त्यात सेवेचा आढावा होता, चुकीची कबुली होती, आणि शेवटी नव्या अध्यक्षांना शुभेच्छा अशा खुबीने दिल्या होत्या की नव्या अध्यक्षांना हुरूप येऊ नये. रडारड होईल, आग्रह होईल, याची त्यांना कल्पना होती. आग्रहाला बळी पडायचे नाही, हेही ठरले होते.

गुरुवारी संध्याकाळी काळ्या रेशमी झग्यात त्या चर्चच्या तळघरात उतरल्या. खुर्च्या मांडलेल्या होत्या. कॉफी उकळत होती. माणूस मात्र एकही नव्हते. पाऊण तास त्या वाट पाहत बसल्या. मग पास्टर लुबेक जिन्यावरून डोकावले. गुरुवारी संध्याकाळी आता कसलासा मोठा गमतीचा कार्यक्रम असतो, आणि तो पाहिला नाही तर दुसऱ्या दिवशी दुकानात कोणाशी बोलायला विषय राहत नाही, असे त्यांनी खाली बघत सांगितले.

"मी सभा सुरू करते," ओटिलीबाई म्हणाल्या.

त्यांनी उभे राहून सगळे भाषण रिकाम्या खुर्च्यांना, एक शब्दही न गाळता ऐकवले. मग पद सोडण्याचा प्रस्ताव मतास टाकला. अनुकूल कोणी हात वर केला नाही. प्रतिकूलही नाही. पास्टर सभासद नसल्यामुळे त्यांचा हात मोजता येत नव्हता, आणि दहा सभासद हजर नसतील तर कोणाचाही राजीनामा स्वीकारता येणार नाही, हा नियम ओटिलीबाईंनी स्वतःच करून ठेवला होता. दहा सभासद त्या तळघरात पुढे कधीच जमले नाहीत. त्यामुळे ओटिली क्राउझे अखेरपर्यंत मंडळाच्या अध्यक्ष राहिल्या.

त्या रात्री घरी परतल्या तेव्हा आल्बिन सामने संपूनही परत न गेलेल्या खोक्यासमोर बसले होते. हॅटची पिन काढेपर्यंत त्यांनी बायकोला वेळ दिला.

"झालीस मोकळी?" त्यांनी विचारले.

"नाही," ओटिलीबाई म्हणाल्या. "मला बिनविरोध ठेवलं." आणि त्यांनी आपली खुर्ची थोडी पुढे ओढली, कारण तिथून आल्बिनचे डोके मध्ये येत होते.